आधी बसवा

आमचे डॉक्टर पेशंटला कधीही "घाबरू नका" म्हणाले नाहीत. मी त्यांच्या गाडीवर रुजू झालो त्या सकाळी त्यांनी मला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. पेशंटला "घाबरू नका" म्हणायचं नाही, आणि श्वास लागलेला माणूस आत असेल तर सायरन लावायचा नाही. बाकी गाडी कशी चालवायची ते तुझं तू बघ, म्हणाले.

मी नवा होतो. मी म्हणालो, "सर, पण धीर नको का द्यायला?"

"ज्याला श्वास घेता येत नाही तो घाबरणारच. त्याचं बरोबर आहे. आपण त्याला चूक कशाला ठरवायचं?"

"आणि सायरन?"

"तू एकदा आत झोप, मी वाजवतो. मग सांग कसं वाटतं."

मी झोपलो नाही, पण पुन्हा विचारलंही नाही.

मी सरकारी अँब्युलन्सवर ड्रायव्हर आहे. आमच्याकडे ड्रायव्हरला कागदोपत्री "पायलट" म्हणतात. माझ्या आईनं हे आमच्या गावात, वराळ्यात, घरोघर सांगितलं, आणि मग बरेच दिवस लोक मला विमान कुठून उडवतोस म्हणून विचारायचे. डॉक्टरांना त्या शब्दात काहीच गंमत वाटत नसे. त्यांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. "पायलट, डावीकडं घे." "पायलट, चहा घेतोस?" चहाच्या टपरीवर बाजूची माणसं माना वळवून बघायची. माझ्या अंगावर निळा शर्ट आणि पायात स्लीपर असायची.

आमची गाडी कामशेतजवळ उभी असे. एका अंगाला लोणावळा, दुसऱ्या अंगाला तळेगाव-सोमाटणे, आणि दोन्हीकडून डोंगरात आत शिरलेली खेडी नि वाड्या, एवढा आमचा मुलूख. डॉक्टरांना तो पाठ होता, कारण आंदर मावळात त्यांचा स्वतःचा दवाखाना होता. तो बंद करून पन्नाशीत हे अँब्युलन्सवर का आले, असं लोक विचारत. "तिथं पेशंट येऊन बसायचे," ते सांगत. "जे येऊ शकत नाहीत त्यांचं काय, हे मला बसल्याबसल्या सुचायचं. म्हणून उठलो." ह्यात काही मोठं बोललोय असं त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. बस चुकली म्हणून रिक्षा केली, इतक्या सहज सांगायचे.

उंच, वाळलेले, थोडे पुढे झुकलेले. अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. गाडीत चढताना ते सँडल दाराशी काढून ठेवत आणि आत लोकरी मोजे घालून वावरत. गाडी हलायच्या आत मी ते सँडल उचलून पुढे माझ्या पायाशी घ्यायचे, असं ठरलेलं होतं. ह्या सवयीचा मला फार ताप झाला. गावाकडची माणसं दारात डॉक्टरचे सँडल बघत आणि आपसूक आपल्या चपला काढून आत चढत. मी सँडल तेवढे उचलायचो आणि गाडी सोडायचो. दोन मैलांवर पेशंटच्या पुतण्याच्या लक्षात यायचं की आपण अनवाणी आहोत. मग परतीच्या वाटेवर मी रस्त्याकडेच्या चपला गोळा करायचो आणि घरोघर पोचवायचो. एकदा एका सासूबाईंनी तीन जोड चपलांतून आपला ओळखून घेतला आणि मला म्हणाल्या, "तुमी अँब्युलन्स चालवता का चांभाराचं दुकान?" डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पण गाडी किती स्वच्छ राहते बघ."

त्यांची दुसरी सवय जेवणाची. म्हणजे जेवायची नाही, विचारायची. श्वास लागलेल्या माणसाजवळ ते उकिडवे बसत, बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावत आणि पहिला प्रश्न विचारत, "काल कालवण कशाचं होतं?"

नातेवाईक चिडत. इकडं बापाचा जीव चाललाय आणि ह्याला कालवण सुचतंय. पण डॉक्टरांचं लक्ष उत्तराकडे नसे, ते किती तुटक येतंय ह्याकडे असे. "काल आमच्याकडं वांग्याचं कालवण होतं" असं सलग आलं की त्यांचे खांदे खाली येत. "वांग्याचं" म्हणून माणूस थांबला, दम घेतला आणि मग "कालवण" म्हणाला, की त्यांचा हात औषधाच्या पेटीकडे जाई. आणि नुसतीच मान हलली, की ते मला एका विशिष्ट आवाजात "पायलट" म्हणत. त्या आवाजाचा अर्थ मला कळायचा.

बघणाऱ्यांना हे कुठलं कळायला? हळूहळू मावळात बातमी पसरली की कामशेतच्या अँब्युलन्सचा डॉक्टर लय खादाड आहे. लोक डबे पाठवायला लागले. आम्ही चहाला उभे असलो की कुणीतरी मोटारसायकलवरून येई, "डॉक्टरसाहेब, आमची आई बरी झाली, तिनं मासवड्या दिल्यात." डॉक्टर गंभीरपणे डबा घेत आणि मला देत. त्यांना स्वतःला वरणभाताशिवाय काही पचत नसे. त्या काळात माझं वजन वाढलं.

लोणावळ्यात एकदा एका भाड्याच्या बंगल्यावर बोलावणं आलं. कॉलेजची मुलं सुट्टीला आलेली. एक पोरगा सोफ्यावर पडून धापा टाकत होता, बोटं आकडलेली, आणि भोवती दहा-बारा मित्र पिझ्झ्याच्या खोक्यांनी वारा घालत होते. डॉक्टरांनी आधी सगळ्या मित्रांना बागेत काढलं. मग त्याला सरळ बसवलं, तपासलं आणि विचारलं, "काल कालवण कशाचं होतं?" पोरानं आदल्या दिवशीच्या चिकनची, ते कुणी जाळलं आणि दोष कुणावर आला ह्याची सगळी हकिकत सलग सांगितली.

"ह्याला मित्र जास्त झालेत," डॉक्टर मला म्हणाले.

मला वाटलं आता निघायचं. पण ते तसेच त्याच्या शेजारी बसून राहिले, श्वास सोडताना ओठ कसे करायचे ते दाखवत, त्याचे हात सैल पडेपर्यंत. गाडीत आल्यावर मी म्हणालो, "सर, त्याला तर काहीच झालं नव्हतं."

"श्वास न येणं आणि येत नाही असं वाटणं, आतल्या माणसाला दोन्ही सारखंच. फरक आपल्याला कळतो, त्याला नाही."

मी गाडी चालू केली. मागून एक मुलगा पळत आला आणि उरलेला पिझ्झा देऊन गेला.

डॉक्टरांचं सगळं वैद्यकशास्त्र दोन शब्दांत सांगायचं तर "आधी बसवा." श्वास लागलेल्या माणसाला आडवं करायची लोकांना भारी हौस. माणूस स्वतः उठून बसायला धडपडत असतो आणि चार जण प्रेमानं त्याला दाबून झोपवत असतात. डॉक्टर उंबऱ्यातूनच ओरडत, "आधी बसवा!" एरवी ते ओरडत नसत. आणि घरात जो सगळ्यांत जास्त आरडाओरडा करत असेल त्याला ते सगळ्यांत महत्त्वाचं दिसणारं काम देत. "तुम्ही भक्कम दिसता. ही बाटली धरा, हलू द्यायची नाही." एका माजी सरपंचानं सलाइनची रिकामी बाटली कामशेतपासून तळेगावपर्यंत छातीशी धरली होती. उतरताना ते घामाघूम झाले होते आणि त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले.

आंदर मावळातल्या त्या ठाकरवाडीची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. वाडी वर डोंगरात, गाडीरस्ता खाली ओढ्याशी संपतो. आम्ही पोचलो तर वरून चार माणसं बांबूला बांधलेली झोळी घेऊन उतरताना दिसली. झोळीत माणूस असणार, आणि झोळीतला माणूस आडवाच असणार. डॉक्टरांनी खालून हाक मारली. ती वर पोचली नाही. मग ते निघाले चढायला, पेटी घेऊन, आणि मी मागून ऑक्सिजनचा सिलिंडर खांद्यावर टाकून.

झोळीत म्हातारी होती. ओठ निळे, तोंडाशी गुलाबी फेस, आणि छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज. बरोबर तिचा मुलगा नि सून होती आणि थोडं मागे तिचा म्हातारा, हातात तिची काठी घेऊन.

"खाली ठेवा. बसवा तिला."

"थांबू नगा डॉक्टर," मुलगा म्हणाला. "गाडीत घालू आन् पळू. हितं टाइम नका घालवू."

"हृदय दमलंय तिचं. छातीत पाणी भरलंय. आडवी नेलीत तर खाली पोचायच्या आत ती जमिनीवर बुडेल."

झोळी खाली ठेवली. पण बसवायचं कशाला टेकून? उतारावर ना झाड, ना दगड. मग आमच्या डॉक्टरांनी काय केलं, तर ते सरळ मातीत बसले आणि म्हातारीची पाठ आपल्या पाठीला लावली. पाठीला पाठ, दोघांची तोंडं दोन दिशांना. तसे बसून ते मला मागं न बघता सांगत होते. मास्क घट्ट लाव. प्रेशर बघून सांग. पेटीतली ती छोटी गोळी काढ, मला दाखव, तिच्या जिभेखाली ठेव.

म्हातारी मात्र टेकेना. तेवढ्या अवस्थेतही परक्या माणसाच्या पाठीला पाठ लावायची तिला लाज वाटत होती. ती पुढे पुढे सरकत होती आणि डोक्यावरचा पदर चाचपत होती. मुलगा ओरडला, सून रडली, तिनं ऐकलं नाही. तेव्हा म्हातारा पहिल्यांदा बोलला.

"टेक गं," तो म्हणाला. "डाक्टर हाय त्यो. मी हाय हितं."

ती टेकली.

मग मी तिच्या पाठीची जागा घेतली आणि डॉक्टरांनी उठून दंडात सुई लावून लघवीचं इंजेक्शन दिलं. आता खाली न्यायची ती बसवूनच, म्हणून एक जण वाडीत परत पळाला, खुर्ची आणायला. मुलगा डॉक्टरांच्या अंगावर धावून आला. "माझी आय मरायला लागली आन् तुमी खुर्ची मागवताय?"

डॉक्टरांनी त्याच्या हातात सिलिंडर दिला. "हा तू धर. ह्यावर तुझी आई आहे. हा सांडला तर ती सांडली."

पोरगा सिलिंडरला मिठी मारून बसला तो खुर्ची येईपर्यंत हलला नाही. पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आली, तिला बांबू बांधले, आणि म्हातारी बसून खाली आली, मास्क लावून, पदर नीट घेऊन. ती आता गोळ्या-सुयांनी थोडी सावरली होती. वाटेत भेटलेल्या एका बाईनं हात जोडले. तिला वाटलं, पालखी आहे.

गाडीत बसून आम्ही थोडं पुढे गेलो आणि म्हातारी सुनेला काहीतरी खुणावू लागली. सून लाजली. डॉक्टरांना लगेच कळलं. "पायलट, थांब. सुनबाई सोडून सगळे खाली."

मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "आता ह्याच्यासाटी थांबायचं व्हय?"

"ह्याच्यासाठीच तर सुई दिली," डॉक्टर म्हणाले.

आम्ही सगळे पुरुष रस्त्याकडेला भाताच्या खाचराकडे तोंड करून उभे राहिलो. दार लावलेलं. बऱ्याच वेळानं आतून सुनेचा आवाज आला, "झालं, या." डॉक्टर चढले, तिच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि मागं वळून म्हाताऱ्याला म्हणाले, "आबा, पाणी उतरलं." इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नाही. मग त्यांनी म्हातारीला कालवण विचारलं.

"काय न्हाई केलं," ती मास्कमधून म्हणाली. "नाचणीची भाकर आन् मिरची खाल्ली." सलग म्हणाली.

सगळेच असे वाचले नाहीत. बेगडेवाडी स्टेशनावर एक गृहस्थ बाकावरून कोसळले होते. कंपनीतून सुटून घरी निघालेले. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, छाती दाबून दाबून त्यांचा स्वेटर भिजला, पण तो माणूस गाडीतच गेला. बायको वाटेत आम्हाला येऊन मिळाली होती. डॉक्टरांनी "आम्ही प्रयत्न केले" असं काही म्हटलं नाही. ते म्हणाले, "ताई, ते गेले. शेवटी मी त्यांचा हात धरला होता. दुखत होतं असं मला वाटलं नाही." आणि हॉस्पिटलचं आवरेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले.

अशा प्रत्येक माणसाच्या तेराव्याला ते जात. मागच्या पंगतीत बसत, जेवत आणि निघून येत. सोयऱ्यांना वाटे, हे तिकडचे कुणी असतील. एकदा एकानं विचारलंच, "पाव्हनं, तुमी कोन यांचे?" डॉक्टर म्हणाले, "शेवटची थोडीशी ओळख." माणसानं त्यांना आणखी एक लाडू वाढला.

आता ते इकडे नाहीत. गुडघ्यांनी चढायला नकार दिला तेव्हा नोकरी सोडून मुलीकडे नाशिकला गेले. मधूनमधून फोन करतात. तब्येत विचारली तर सलग उत्तर देतात. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाई हुशार आहेत, त्याही आधी बसवतात. सँडल पायातच ठेवतात. माझं काम हलकं झालंय.

पण डॉक्टरांना मी एकदाच घाई करताना पाहिलं, ते सांगायला हवं.

सोमाटण्याजवळच्या एका मंगल कार्यालयातून फोन आला, बाई चक्कर येऊन पडलीय. दुपार टळलेली होती. आम्ही गेलो तर बाई म्हणजे नवरीच निघाली. अक्षता पडलेल्या, होम पेटवलेला, बाहेर फटाक्यांची माळ वाजून गेलेली आणि हॉलमध्ये धूर कोंदलेला. नवरीला आतल्या खोलीत गादीवर आडवी केली होती आणि तिची आई तिच्या तोंडावर पाणी मारत होती.

"आधी बसवा!"

बसवली. मुंडावळ्या, हिरवा चुडा, अंगावर शालू, आणि गळ्याजवळची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. छातीतून शिट्टीसारखा आवाज. डॉक्टरांनी वाफेचं मशीन लावलं, त्यातून औषध चालू केलं आणि कालवण विचारलं. तिनं तोंड उघडलं, शब्द आला नाही. मान हलवली.

"दमा आहे का हिला?"

"नाही हो," आई पटकन म्हणाली. माणसं लोणावळ्याची, नीटनेटकी, शिकलेली. "सकाळपासून उपाशी आहे ना, त्यानं झालंय. आमच्यात कुणालाच नाही तसलं काही."

दारात नवऱ्याकडची माणसं उभी होती. परंदवडीचं शेतकरी घर. पुढे नवऱ्याची आई, हातात अजून ओटीचा नारळ.

डॉक्टरांनी आईकडे बघितलंच नाही. ते खाली वाकून मुलीशी बोलले, पण त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. "पंप घेतेस का तू?"

मुलीनं आईकडे बघितलं. मग दाराकडे, सासूकडे. मग तिनं मान हलवली. हो.

"कुठाय?"

ती बोलू शकत नव्हती. आई खाली बघून म्हणाली, "घरी आहे. आज लग्नात कशाला म्हणून..." दारातल्या माणसांत कुजबुज झाली. डॉक्टर इंजेक्शन भरत होते.

तेवढ्यात तो शिट्टीसारखा आवाज कमी झाला. मग थांबला. खोलीत एकदम शांत झालं. आईनं हात जोडले. "बघा, आवाज थांबला. बरं वाटतंय तिला आता."

डॉक्टरांनी नळी छातीला लावली. डावीकडे, उजवीकडे, पाठीवर. मी त्यांच्याकडेच बघत होतो. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "पायलट, उचल. पळ."

मला कळेना. आवाज थांबला होता. नंतर त्यांनी सांगितलं, हवा जाते-येते म्हणून आवाज येतो. हवाच बंद झाली की आवाज कशाचा येणार?

त्यांनी शालूवरूनच तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं. स्ट्रेचरचा माथा उभा करून आम्ही तिला नेलं. दाराशी डॉक्टर म्हणाले, "माझ्याबरोबर एक जण. सांगेन तेवढंच करणारा आणि न रडणारा." त्या घोळक्यात न रडणारा एकटा नवरदेव होता. तो रडत नव्हता, कारण त्याला अजून काही समजलंच नव्हतं. तो चढला. डॉक्टरांनी सँडल काढले नाहीत.

बाहेर जुना हायवे सुट्टीच्या गाड्यांनी गच्च भरलेला. लोणावळ्याहून परतणारी माणसं, काचांना नाकं टेकवलेले कुत्रे, टपावर बॅगा. आतून डॉक्टर म्हणाले, "सायरन लाव."

मी आरशातून मागं बघितलं.

"लाव. तिला आता ऐकू येत नाही."

मी लावला. गाड्या बाजूला होत होत्या आणि होत नव्हत्या. मागच्या खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. मुलीचा श्वास थांबत आला होता. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी मास्क तिच्या तोंडावर घट्ट धरला आणि हवा द्यायचा तो रबरी फुगा नवऱ्याच्या हातात दिला.

"मी सांगेन तेव्हा दाब. हळू. हां. आता सोड. थांब."

"पण डॉक्टर, अजून दाबू का?"

"नाही. आत कोंबू नको. तिची छाती भरलेलीच आहे, बाहेर निघत नाहीये. ते बाहेर जाऊ दे आधी. थांब. अजून थांब. आता दाब."

"ती श्वास घेत न्हाई."

"तू घेतोयस तिच्यासाठी. सावकाश घे. त्या मुंडावळ्या मागं टाक, तुझ्या डोळ्यांत येतायत."

मी गाडी तेव्हा जशी हाकली तशी पुन्हा कधी हाकली नाही. बाहेर सायरन बोंबलत होता, हॉर्न वाजत होते, आणि आत डॉक्टरांचा आवाज, रेडिओवर कुणी शेतीविषयी माहिती सांगावी तसा. दाब. सोड. थांब. बाहेर जाऊ दे. मध्येच ते म्हणाले, "काम काय करतोस?" नवरा म्हणाला, "कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर आहे, सर." डॉक्टर म्हणाले, "मग तुला येतं हे. दाब."

हॉस्पिटलला त्यांनी निघतानाच कळवून ठेवलं होतं. तिला आत घेतलं, घशात नळी घातली, श्वासाच्या मशीनला जोडली. डॉक्टर बराच वेळ आतच होते. बाहेरच्या बाकावर नवरा बसला होता आणि हळूहळू दोन्हीकडची माणसं येऊन पोचली.

नवऱ्याच्या आईनं विहिणीला समोर उभं केलं. "आमाला सांगितलं का न्हाई?"

मुलीची आई रडत म्हणाली, "दोन स्थळं मोडली हो ह्याच्यावरून. सांगितलं की लोक उठून जायचे. तिला म्हटलं, लग्न होऊ दे, मग सांगू हळूहळू."

"आन् आज मेली आसती म्हंजे?"

नवऱ्याचा एक काका पुढे झाला. म्हणाला, ही फसवणूक आहे, सप्तपदी व्हायचीय अजून, हे लग्न धरायचं का नाही ते आपण बसून ठरवू. तेव्हा नवरदेव बाकावरून म्हणाला, "आई, माझा हात उघडंना."

त्याचा उजवा हात मुठीसारखा आकडला होता. फुगा कधीच कुणी काढून घेतला होता, पण बोटं तशीच धरून राहिली होती. त्याची आई काकाला ओलांडून त्याच्याजवळ गेली, खाली बसली आणि त्याची बोटं चोळायला लागली. एक एक करून सोडवत. "किती वेळ धरलंतं रं हे?" तिनं विचारलं.

"म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "ती श्वास घेत नव्हती ना."

ती त्याचा हात चोळत राहिली. काका चहा बघायला गेला. लग्न धरायचं का नाही हा विषय माझ्या माहितीप्रमाणे पुन्हा निघाला नाही.

मुलीची नळी निघाल्यावर, ती वॉर्डात आल्यावर, डॉक्टर मला घेऊन तिला बघायला गेले. असं ते सहसा जात नसत. ती पलंगावर उशांना टेकून बसली होती. हातावर मेंदी तशीच होती. शेजारी स्टुलावर सासू. मुलीचा आवाज अजून घोगरा होता.

"डॉक्टर, तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत मला."

"हो," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, आता ही बोलणार.

"बरं केलंत," ती म्हणाली. "आठवीपासून मी बाथरूममध्ये दार लावून पंप घेते. हॉस्टेलला पण तसंच. मला वाटायचं, जन्मभर तसंच घ्यावा लागेल."

डॉक्टरांनी स्वेटर नीट केला, तिच्या बोटाचा चिमटा बघितला, मग एकदम डॉक्टर झाले. "पंप कुठाय आत्ता?"

मुलगी उशीखाली चाचपायला लागली.

"माज्याकडं हाय," सासू म्हणाली. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि तपकिरीची डबी, किल्ल्या आणि देवाचा अंगारा बाजूला सारून निळा पंप काढून दाखवला. "एक हितं. एक लेकाच्या खिशात. एक घरी देव्हाऱ्यापाशी ठिवलाय, तितं सगळ्यांना घावंल."